सहा डिस्कस आणि सात नंबर

"जेवायला किती वेळ लागतो तुला?"

भाड्याची खोली बघायला गेलेल्या माणसाला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरी कुठे, गाव कुठलं, लग्न कधी, मित्र किती येणार, या सगळ्यांची उत्तरं मी अंबरनाथ स्टेशनपासून रिक्षात घोकत आलो होतो. जेवायच्या वेळेची तयारी झालेली नव्हती.

"वीस मिनिटं," मी ठोकून दिलं.

"बोलत बोलत की गप्प?"

"बोलत."

"दार कसं लावतोस? लावून दाखव."

मी उठून त्यांच्याच हॉलचं दार लावून दाखवलं. "परत," त्या म्हणाल्या. परत लावलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीला लागून चार फुटांची काचेची टाकी होती, तिच्यात ताटलीसारखे गोल, चपटे, लाल-निळ्या रेघांचे सहा मासे होते, आणि बाई त्यांच्याकडे बघत होत्या. दार दोनदा लागलं तरी एकही मासा हलला नाही.

"ये उद्यापासून," त्या म्हणाल्या. "तू सात नंबर."

एक ते सहा कोण, हे विचारावं लागलं नाही. टाकीच्या वर खिळ्यांना सहा तक्ते टांगलेले होते. प्रत्येक तक्त्यावर तारीख, सकाळचं पाण्याचं तापमान, खाल्लं किती, शी कोणत्या रंगाची, अंग काळवंडलं आहे का, आणि शेरा. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी असतात तसे. बाई छत्तीस वर्षं उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, शेवटची कित्येक वर्षं वॉर्ड इन्चार्ज. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचली होती, त्यामुळे गल्लीत त्यांच्याशी बोलताना माणसं नकळत दंडावर हात ठेवत.

सातवा तक्ता माझ्यासाठी टांगतील की काय, अशी भीती मला पहिले आठ दिवस होती. टांगला नाही. पण "सात नंबर, पोट साफ आहे का?" हा प्रश्न त्या आल्यागेल्यासमोर खणखणीत आवाजात विचारत. एकदा माझ्या कारखान्यातले साहेब मला सोडायला आले होते, तेव्हाही विचारला. साहेबांना वाटलं मला विचारलंय म्हणून ते थांबले. मग त्यांना वाटलं त्यांना विचारलंय, आणि त्यांनीही "हो" म्हणून टाकलं.

डिस्कस हा मासा कसा असतो ते आधी सांगतो. देखणा असतो, महाग असतो आणि नाजूक असतो. त्याला पाणी लागतं एकोणतीस-तीस अंश गरम. ते मऊ लागतं, स्वच्छ लागतं आणि त्यात क्लोरीनचा वासही चालत नाही. आपल्याकडे नळाला जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातलं पाणी येतं. माणसांसाठी ते उत्तम, पण माणसांसाठीचा क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना झोंबतो. म्हणून सिस्टरांच्या गॅलरीत दोन निळे पिंप होते. त्यात पाणी दोन दिवस बुडबुडे सोडत ठेवायचं आणि मग टाकीत घालायचं. पिंपात नाक घालून त्या पाणी हुंगत. "अजून येतोय," म्हणाल्या की आणखी एक दिवस. गल्लीत कुणाच्या नळाला गढूळ पाणी आलं तर लोक तांब्या घेऊन आधी सिस्टरांच्या नाकाकडे येत, मग तक्रार करायला जात.

नळ गेला होता तेव्हा एकदा मी त्या पिंपातल्या दोन बादल्यांनी अंघोळ केली. आयुष्यात इतकी मऊ अंघोळ झाली नव्हती. संध्याकाळी सिस्टरांनी पिंपावरची खडूची खूण बघितली, मग माझे केस बघितले, आणि म्हणाल्या, "बरं वाटलं का?" मी गाफीलपणे "फारच" म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे पिंप भरायची ड्युटी माझी.

शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जायची. लाईट गेली की टाकीतला हिटर बंद. मग सिस्टर कपाटातून रबराच्या शेकायच्या पिशव्या काढत, गरम पाणी भरून, बूच घट्ट पिळून त्या टाकीत तरंगत सोडत. तीन लाल पिशव्या आणि त्यांच्याखाली सावलीला उभे सहा डिस्कस, असा तो देखावा असे. एका शुक्रवारी माझी कंबर धरली म्हणून मी एक पिशवी मागितली. "पेशंटला लावलीय," म्हणाल्या, आणि मला तव्यावर गरम केलेलं फडकं दिलं.

पण हे सगळं वरवरचं. सिस्टरांची खरी विद्या होती ती डिस्कसच्या सोबतीला कोण ठेवायचं, ही. त्या बाबतीत वधूवर सूचक मंडळं त्यांच्यापुढे काहीच नाहीत.

रविवारी त्या उल्हासनगरला माशांच्या दुकानात जात तेव्हा पिशवी धरायला मी असे. दुकानदार म्हणजे एक जाडजूड, हसरे सिंधी शेठ. जीन्सच्या गठ्ठ्यांच्या गल्लीतून आत गेलं की त्यांचं अंधारं, बुडबुडणारं दुकान. सिस्टर आल्या की शेठ आपसूक सरळ बसत. त्यांच्याही मुलाचं बाळंतपण सिस्टरांच्याच हातून झालेलं. म्हणजे सुनेचं.

"सिस्टर, हे घ्या ना, एंजल. एकदम रॉयल. डिस्कससोबत फोटोत मस्त दिसेल," शेठ म्हणत.

"फोटोत दिसेल. टाकीत जागा अडवून बसेल आणि माझ्या पेशंटना कोपऱ्यात घालेल. वर त्याच्या पोटातले जंत माझ्याकडे."

"टायगर बार्ब?"

"शेपट्या कुरतडतो."

"गोल्डफिश तरी घ्या. गरीब है बिचारा."

"गरीब आहे, पण त्याला थंड लागतं. एका खोलीत एकाला पंखा पाचवर आणि दुसऱ्याला गोधडी, असं चालतं का कुठे? दोघांतला एक आजारी पडणारच."

एकदा शेठनी त्यांना कार्डिनल टेट्रा म्हणून दुसराच स्वस्तातला निऑन दाखवला. दोन्ही बोटाच्या पेराएवढे, दोन्ही निळे-लाल. सिस्टरांनी चष्मा वर केला. "शेठ, लाल पट्टा अर्ध्यातच थांबलाय. कार्डिनलचा गळ्यापासून शेपटीपर्यंत जातो. शिवाय हा माझ्या पाण्यात उकडून मरेल." शेठनी कपाळाला हात लावला आणि आतून खरे कार्डिनल आणले. मग तासभर त्यांची परीक्षा. सिस्टर टाकीसमोर स्टूल घेऊन बसल्या. थोडं खाणं टाकायला लावलं. "हा अधाशी आहे, सगळ्यांच्या तोंडचं खातो. काढा. हा दुसऱ्याच्या शेपटीकडे बघतोय. काढा. हा मस्त आहे, मूर्ख आहे, घ्या." असे वीस मूर्ख निवडून आम्ही घरी आणले, आणि ते चाळीस दिवस मागच्या खोलीतल्या वेगळ्या टाकीत देखरेखीखाली राहिले.

"एवढ्या छोट्या माशांचा डिस्कसला काय उपयोग?" मी विचारलं होतं.

"डिस्कस भित्रा असतो रे," सिस्टर म्हणाल्या. "एकटा ठेवला तर लाकडामागे जाऊन उभा राहतो. खात नाही, काळा पडतो. पण समोर असं छोटं, निरुपद्रवी काहीतरी आपल्याच नादात हिंडत असलं की त्याला वाटतं, अरे, बाहेर धोका दिसत नाही. मग तो हळूच पुढे येतो. त्याला हाक मारून उपयोग नाही, काचेवर टकटक करून तर नाहीच. समोर फक्त वर्दळ ठेवायची. आणि बाहेर आला की त्याच्याकडे बघायचं नाही."

हे सांगताना त्या टाकीकडे बघत नव्हत्या. हॉलच्या पलीकडच्या बंद खोलीकडे बघत होत्या.

त्या खोलीत काका होते. सिस्टरांचे यजमान. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर हात असा की केसाच्या जाडीचा फरक बोटाने सांगत. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा एक मित्रही निवृत्त झाला. तीस वर्षं दोघं कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसून गेले-आले होते. दोन महिन्यांत तो मित्र वारला. काका अंत्यविधीहून आले, अंघोळ केली, आतल्या खोलीत गेले आणि तिथेच राहिले. भांडण नाही, तक्रार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या की मुकाट घेत. ताट दाराशी स्टुलावर ठेवलं की आत घेत, आतल्याच मोरीत धुऊन परत ठेवत. मी राहायला गेलो तेव्हा या गोष्टीला सव्वा वर्ष झालं होतं. सिस्टरांना या जगात एकच गोष्ट हवी होती: काकांनी त्या खोलीतून बाहेर यावं. छत्तीस वर्षं लोकांना बरं करून घरी पाठवलेल्या बाईच्या घरातच एक माणूस बरा होत नव्हता, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

तेव्हा मला माझी नेमणूक कळली. माझ्याआधी तीन भाडेकरू येऊन गेले होते. पहिला व्यायामशाळेत जाणारा, दार धाडकन लावायचा, सिस्टरांच्या भाषेत टायगर बार्ब. दुसरा बँकेतला, देखणा, आठवड्याभरात हॉलमधली काकांची खुर्चीच बळकावून बसला, तो एंजल. तिसरा सज्जन होता, पण तोंडातून शब्द काढत नसे. "घरात एक आहे की तसला, दुसरा काय लोणचं घालायला?" सिस्टर म्हणाल्या. मग मी. वीस मिनिटं बोलत बोलत जेवणारा.

"म्हणजे मी टेट्रा?" मी विचारलं. मला जरा राग आला होता. निदान तळाशी राहून शांतपणे सफाई करणारा कॉरी तरी म्हणायचं.

"कार्डिनल," सिस्टर म्हणाल्या. "निऑन नाही." यावर समाधान मानावं लागलं.

माझी ड्युटी संध्याकाळी सात ते आठ. हॉलमध्ये बसून बोलायचं. मोठ्याने नाही, काकांना उद्देशून तर अजिबात नाही. नुसतं आपल्या नादात. मी साहेबांच्या केसांच्या टोपाच्या गोष्टी सांगितल्या, कारखान्यातल्या रंगाच्या पिंपात कोण पडलं ते सांगितलं, संगमनेरला आमच्या आत्याने बोकडाला कसं नावाने हाका मारून बिघडवलं ते तीन वेळा सांगितलं. सिस्टर मेथी निवडत "हं, हं" करत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांच्या दाराकडे बघत. ते दार सुरुवातीला पूर्ण बंद असे. दुसऱ्या महिन्यात बोटभर उघडं राहू लागलं. सिस्टर रात्री वहीत लिहीत: दार, दोन बोटं. दार, तीन बोटं. आत्याच्या बोकडाच्या दिवशी चार बोटं होतं आणि आतून कुणीतरी नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. सिस्टरांचं म्हणणं ते हसू होतं.

चार बोटांवर मात्र दार अडकलं. पुढे दोन महिने ते चारच्या पुढे सरकेना. सिस्टर वहीतला आकडा लिहून झाल्यावर पेन तसंच धरून बसत. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं, आणि स्वतःच्या गप्पांबद्दल जरा लाज.

अशात नाशिकला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. दोन रात्री जायचं होतं. जाताना त्यांनी मला दोन पानी सूचना लिहून दिल्या. दीड पान मासे, अर्धं पान काका. माशांना काय, कधी, किती. काकांच्या खाली लिहिलं होतं: ताट ठेवणे. दार न ढकलणे. हाक न मारणे. निघून येणे.

पहिल्याच संध्याकाळी टाकीच्या काचेवर हिरवट शेवाळ दिसायला लागलं. सूचनेत होतं की हातमोजा घालून काच पुसणे. मला हातमोजा सापडला, पण उत्साह सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी जीन्स आणायला उल्हासनगरला गेलो होतो, तर पाय शेठच्या दुकानाकडे वळले.

"काच खराब?" शेठ म्हणाले. "सकर ले जाओ, साईं. दिनभर काच चाटतो. मोलकरीण समझो."

सकर म्हणजे काळपट, खरखरीत अंगाचा मासा. तोंड पोटाखाली, वाटीसारखं, त्याने तो काचेला चिकटून बसतो. आता सकरबद्दल सिस्टरांनी माझ्यासमोर चकार शब्द काढलेला नव्हता, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. मी त्यांच्याच पद्धतीने स्टूल घेऊन त्याची मुलाखत घेतली. गरम पाणी? चालतं. शाकाहारी? हो. अधाशी? नाही. कुणाच्या शेपटीकडे बघतो? काचेशिवाय कशाकडेच बघत नव्हता. इतकं सुस्वभावी स्थळ सिस्टरांनाही मिळालं नसतं. चाळीस दिवसांची देखरेख तेवढी मी सोडून दिली, कारण सिस्टर दुसऱ्याच दिवशी येणार होत्या आणि मला त्यांना स्वच्छ काच दाखवून चकित करायचं होतं.

सकाळी उठून बघतो तर काच तशीच हिरवी. सकर काचेला नव्हता. तो तीन नंबरच्या डिस्कसच्या कुशीला चिकटला होता.

डिस्कसच्या अंगावर एक चिकट, पोषक थर असतो, त्याची पिल्लं सुरुवातीला त्यावरच वाढतात. सकरला तो शेवाळापेक्षा गोड लागतो, हे मला पुढे कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं की तीन नंबर काळाठिक्कर पडलाय, पंख मिटून कोपऱ्यात थरथरतोय, आणि ती मोलकरीण त्याला सोडत नाहीये. मी जाळी घातली. जाळीने सकर सोडून बाकी सगळ्यांना घाबरवलं. पाच डिस्कस काचेवर आपटायला लागले, टेट्रा सैरावैरा झाले. त्या अर्ध्या पानावरच्या चारही सूचना विसरून मी आतल्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"काका! काका, मासा मरतोय! सिस्टर मला मारतील!"

दार उघडलं. पट्ट्यांचा पायजमा, बनियन, पांढरी दाढी. मी त्या घरात सहा महिने राहत होतो आणि माझ्या घरमालकाला पहिल्यांदाच उभं बघत होतो. ते माझ्या बाजूने निघून टाकीसमोर गेले.

"हात काढ," ते म्हणाले.

मी काढला. त्यांनी टाकीतला दिवा बंद केला आणि नुसतेच उभे राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

"काका, काहीतरी करा ना!"

"जॉब फिरतोय तोवर हात घालायचा नसतो," काका म्हणाले. लेथवर लावलेल्या तुकड्याला टर्नर लोक जॉब म्हणतात. "थांबू दे त्याला."

मासे शांत झाले. मग त्यांनी स्वयंपाकघरातून साखरेची प्लास्टिकची बरणी आणली, माझ्याकडे न बघता त्यातली साखर ताटात ओतली, बरणी धुतली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. इतका हळू की पाणी हललं नाही. बरणीचं तोंड सकरच्या मागे, दुसऱ्या हाताचं एक बोट त्याच्या पुढे. बोट टेकलं, सकर दचकून मागे सरकला आणि बरणीत गेला. झाकण. संपलं.

तीन नंबरच्या कुशीवर रुपयाएवढा पांढरा गोल उरला होता.

"ती बघेल," काका म्हणाले.

"बघतील," मी म्हणालो.

आम्ही दोघं त्या गोलाकडे बघत उभे राहिलो. एका बाईला घाबरणारे दोन पुरुष फार लवकर मित्र होतात. सिस्टर संध्याकाळी येणार होत्या. सकर परत करून जखमेचं औषध आणायचं, असं ठरलं.

"मी जाऊन येतो," मी म्हणालो.

काका माझ्याकडे बघत राहिले. "तू?" ते म्हणाले. "तुला तो परत काहीतरी गळ्यात मारेल. थांब, शर्ट घालतो."

शर्टाच्या घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की तो अंगावर चौकटींचा दिसत होता. चपला माळ्यावर होत्या, त्या मी काढून झटकल्या. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या, त्यांच्या हातातला कचऱ्याचा डबा तिरपा झाला. काका "जय भीम" म्हणून पुढे गेले. मी बरणी पोटाशी धरून मागे.

शेठच्या दुकानात काकांनी बरणी काउंटरवर ठेवली. "हे काय दिलंत पोराला?"

"दादा, गलती हो गई," शेठ म्हणाले. "मला वाटलं साध्या टाकीत सोडेल. डिस्कसमध्ये सकर कौन डालता है?" मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी औषधाच्या बाटल्या वाचायला लागलो.

आम्ही निघणार, तेवढ्यात काकांनी मान तिरपी केली. "ही मोटार घासतेय." कोपऱ्यातल्या टाकीचा पंप करकरत होता. शेठ म्हणाले, महिनाभर असाच आवाज आहे, फेकून द्यायचाय. काकांनी स्टूल ओढलं, पंप उघडला, दांडी बोटांत फिरवून बघितली, शेठकडून जुनी पॉलिश पेपरची चिंधी मागितली आणि घासत बसले. दहा मिनिटांनी पंप लावला तर चालू आहे की बंद, ते कळेना. शेठ उठून आले आणि कान लावून ऐकायला लागले. मग आतून आणखी दोन करकरणारे पंप आले. मग समोरच्या गाडीवरून दाल पकवान आलं. काकांनी एक प्लेट खाल्ली. मग म्हणाले, "अजून मिळेल का?" दुसऱ्या प्लेटची चिंचेची चटणी शर्टावर सांडली. मला इतका आनंद झाला होता की मी शेठचा हात हातात घेऊन हलवत होतो.

घरी आलो तेव्हा काका दमले होते. आतल्या खोलीत न जाता हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीत टेकले आणि तीन नंबरकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मला तेवढं शिकवलेलं होतं.

सहाच्या सुमारास सिस्टर आल्या. दारात चप्पल काढताना त्यांनी काकांना खुर्चीत बघितलं. त्यांचा एक पाय तसाच हवेत राहिला. पिशवी खाली ठेवली, हात धुतले, आणि अगदी सरळ टाकीकडे गेल्या, जणू खुर्चीत रोजच कुणीतरी असतं. फक्त नॅपकिन हातातच राहिला होता, आणि त्या तो पिळत होत्या.

मग त्यांचं लक्ष गेलं. "तीनला काय झालं?"

"लाकडाला घासला असेल," मी म्हणालो.

"लाकडाला घासून गोल पडतो का, गाढवा? सकरची खूण आहे ही. सकर कुणी आणला माझ्या टाकीत?"

मी कबूल करायला तोंड उघडलं.

"मी," काका म्हणाले.

सिस्टर टाकीकडेच तोंड करून उभ्या होत्या. "कुठून?"

"उल्हासनगरहून."

"आणून कुणी दिला?"

"मीच गेलो. रिक्षाने." काकांनी खिशातली बाटली काढली. "परतही देऊन आलो. औषध आणलंय. शेठच्या मोटारी घासत होत्या, त्या केल्या. चार-पाच अजून आहेत म्हणाला." त्यांनी शर्टावरच्या डागावरून बोट फिरवलं. "दाल पकवान खाल्लं."

आता मात्र सिस्टर वळल्या. त्यांनी त्या घडीच्या चौकटी बघितल्या, चटणीचा डाग बघितला, आणि प्रवासाच्या साडीतच स्टुलावर बसून तोंडाला नॅपकिन लावून रडायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

काका गडबडून उठले. काय करावं सुचेना, म्हणून सिस्टरांच्या पाठीवर दोनदा थापटलं. "अगं, एवढं काय त्यात? मासा आहे. जखम खोल नाहीये. आठ दिवसांत भरून येईल."

सिस्टरांनी डोळे पुसले. नाक ओढलं. "आठ नाही. पंधरा लागतील," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा वॉर्डातला झाला होता. "आणि हे औषध उघडलं की दुसऱ्या दिवशी उतरतं. रोज ताजं लागतं. रोज उल्हासनगरला जाऊन आणावं लागेल."

"रोज?"

"रोज. आणि या सात नंबरला पाठवून चालणार नाही. हा काहीही उचलून आणतो."

काकांनी विचार केला. "मग दहाला निघायला हवं," ते म्हणाले. "हा शर्ट धुवायला टाक. उद्याला दुसरा आहे का ते बघ."

"बघते," म्हणत सिस्टर उठल्या. आम्ही आणलेली बाटली औषधांच्या कपाटात ठेवायला त्यांनी दार उघडलं. मी मागेच उभा होतो. आत त्याच औषधाच्या आणखी तीन बाटल्या ओळीने होत्या, त्यातल्या एकीतलं निम्मं औषध संपलेलं, झाकणावर सिस्टरांच्या अक्षरात उघडल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची. सिस्टरांनी त्या बाटल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कोपराने कपाट लावून टाकलं.